नरक कोठें आहे?

(दारव्हा येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही नरक या विषयावर बोलणार आहों हें ऐकून कांहीं मंडळींस हंसूं आलें. सत्यशोधकांनीं स्वर्ग-नरकाचा बाजार उठविण्यासाठीं दीडशें वर्षें घसा कोरडा केला आणि आतां त्यांनींच नरकाचें पुराण लावलें कीं काय, असें एका गृहस्थानें येथें येतांना वाटेवरच विचारलें. त्यास आम्हीं सांगितलें, पुराण लावीत नाहीं, पत्ता विचारीत आहों.

गोष्ट अशी झाली. या तालुक्यांतील एका घरीं आम्ही समाचारास गेलों होतों. घरचा कर्ता मुलगा गेला होता. फवारा मारून घरीं आला, रात्रीं ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या दिवशीं दवाखान्यांतून प्रेत आलें. ओसरीवर गरुडपुराण चाललें होतें. वैतरणी नदीचें वर्णन आलें. तिच्यांत पाणी नाहीं, रक्त आणि पू वाहतो, आणि ज्याच्या नांवें गाय दान दिली असेल तोच तिचें शेपूट धरून पार होतो. मृताची आई भिंतीस टेकून ऐकत होती. तिनें मध्येंच विचारलें, "महाराज, हे सारं मेल्यावरचं हाय ना?" भिक्षुकबुवा म्हणाले, "होय बाई." म्हातारी म्हणाली, "मंग माह्या पोरानं तीन दिस भोगलं थे काय होतं?"

बुवांस उत्तर आलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि आलें नाहीं. नरक नाहीं हें सिद्ध करणारीं सर्व प्रमाणें आमच्या झोळींत होतीं. पण त्या बाईपुढें तीं काढण्याची छाती झाली नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं एक उद्योग आरंभिला. गाडगेबाबा कीर्तनांत स्वतः फार सांगत नसत, समोरच्यास विचारीत. ती रीत आम्हीं धरली. बाजारांत, जिनावर, वावरांत, एस. टी.च्या थांब्यावर भेटेल त्यास विचारूं लागलों कीं, नरक जर या पृथ्वीवरच असला तर तो तुमच्या मतें कसा असेल?

एक लोहार म्हणाला, "नरकांत आग असते म्हंतात. आगीचं आमाले काय भेव? जलम तिच्यापाशींच गेला. भट्टी थंडी पडली कां थोच नरक." त्याची भट्टी पोळ्यापासून पेटलेली नव्हती. वखराची पास, डवऱ्याचा फाळ शेवटण्यास आतां कोण येतो? ट्रॅक्टरवाला तयार माल दुकानांतून आणतो.

एका सालदारास विचारलें. पाडव्यास साल ठरलें कीं तो वर्षभर मालकाचा. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "जिथं नाहीं म्हंतां येत नाहीं, थो नरक." हें वाक्य लक्षांत ठेवा, पुढें त्याचें काम आहे.

एक म्हातारे कास्तकार भेटले. त्यांच्या आज्यानें १८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ पाहिला होता. दगड फोडण्याच्या कामावर माणसें जागचे जागीं बसून मेलीं, हें तो सांगत असे. दुष्काळ सरल्यावर कांहीं वर्षांनीं मूर्तिजापूर-यवतमाळ ही लहान रेल्वे सुरू झाली आणि आपल्या येथील मोतीबाग स्टेशनांतून कापसाच्या गठाणी मुंबईस, आणि तेथून मँचेस्टरास जाऊं लागल्या. आतां ती गाडी धावत नाहीं, शकुंतला हें तिचें नांव मात्र सर्वांच्या तोंडीं आहे. म्हातारबुवा म्हणाले, "गाडी कापूस घेऊन गेली अन् कापड घेऊन आली. माह्या आज्याच्या आंगावर थेही नव्हतं. पिकवावं आपण अन् भाव सांगावा दुसऱ्यानं, याच्याहून दुसरा कोन्ता नरक?"

आणि एक बारा-तेरा वर्षांची मुलगी. तिला आम्ही विचारणारच नव्हतों, तिनेंच ऐकून उत्तर दिलें. "सांजच्याले बाबाले यायले उशीर झाला कां माय दारांत जाऊन उभी रायते. बोलत नाहीं कांहीं. थो." एवढेंच म्हणून ती गेली. या जिल्ह्यांत राहणाऱ्यास तिचें बोलणें उलगडून सांगण्याची गरज नाहीं. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणच्या एका कास्तकारानें १९ मार्च १९८६ रोजीं बायको व चार लेंकरांसह जीव दिला. त्या दिवशीं अजूनहि पुष्कळ लोक अन्न घेत नाहींत. त्यानंतर आमच्याकडील किती दारांत किती बाया अशा उभ्या राहिल्या असतील याचा हिशेब त्या मुलीच्या आईसारख्यांनाच ठाऊक.

एवढ्या लोकांस विचारलें, पण एकानेंहि उकळती कढई सांगितली नाहीं, करवत सांगितली नाहीं, यमाचा रेडा सांगितला नाहीं. पुराणकारांनीं मात्र तेंच सांगितलें. भागवताच्या पांचव्या स्कंधांत अठ्ठावीस नरक मोजून दिले आहेत. रौरव आहे, कुंभीपाक आहे. असिपत्रवन म्हणून एक आहे. त्यांतील झाडांचीं पानें तरवारीच्या धारेचीं, आणि तो वेदमार्ग सोडून जाणाऱ्यांसाठीं राखून ठेविला आहे. म्हणजे आमच्या मुक्कामाची व्यवस्था त्यांनीं आगाऊच करून ठेविली आहे, त्याबद्दल आभार.

पण याहून एक मौजेची गोष्ट आहे. अंधकूप नांवाचा जो नरक, तो डांस, ढेकूण अशा क्षुद्र जीवांस पीडा देणाऱ्यासाठीं आहे. त्या काळोख्या विहिरींत तेच जीव त्यास फोडून खातात. आतां पहा. पऱ्हाटीवरची बोंडअळी मारल्यावांचून कास्तकाराचें पोट भरत नाहीं, आणि मारावी तर पुराणाच्या हिशेबानें तो अंधकूपांत. विष घालणाऱ्यांसाठीं, गांवें लुटणाऱ्यांसाठीं, त्यांत राजा असला तरी त्याच्यासाठीं, सारमेयादन नांवाचा नरक आहे खरा. तेथें सातशें वीस कुत्रे ठेविले आहेत. परंतु परवाना काढून, रंगीत बाटलींत भरून, उधारीच्या वहींत नांव लिहून जो विष देतो त्याचें काय करावें, हें पुराणकारास सुचलेलें नाहीं.

जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज काढला, आणि १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकरी आईच्या पोटांत असल्यापासून तो मेल्यानंतरहि त्याच्या घरून दक्षिणा कशी वसूल होते, याचा सगळा खर्डा त्यांत आहे. नरकाचें भय ही त्या वसुलीची पावती होय. एवढें तुम्हांस पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून तें आम्ही लांबवीत नाहीं. आज सांगावयाचें आहे तें निराळें आहे. पुराणांतला यमराज कितीहि क्रूर असो, तो निदान गुन्हा सांगून शिक्षा देतो, आणि शिक्षा भोगून संपली कीं सोडतो. ज्या नरकांत गुन्हा न करतां शिक्षा मिळते आणि शिक्षा मिळाली हाच गुन्ह्याचा पुरावा धरतात, तसला नरक त्या अठ्ठावीसांत आम्हांस सांपडला नाहीं. तो येथें सांपडला.

२०१७ सालचा पावसाळा आठवा. बी. टी. कापसाचें बियाणें आपल्या देशांत २००२ सालीं आलें, तेव्हां अळीची चिंता मिटली असें सांगितलें गेलें. कांहीं वर्षें गेलीं आणि गुलाबी बोंडअळीनें तें पचविलें. त्या वर्षीं तिनें सारा मुलूख खाल्ला. त्यांतच पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. एरवीं गुडघ्याकमरेशीं राहणारीं पानें तोंडाशीं आणि छातीशीं आलीं. बारीक तुषार झपाट्यानें फेंकणारे बॅटरीचे पंप आले होते. दोन-दोन, तीन-तीन औषधें एकाच टाकींत झांकणानें मोजून ओतण्याचा प्रघात पडला होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यांत आठशेंच्या आसपास माणसें दवाखान्यांत पडलीं आणि वीसांहून अधिक मेलीं. कित्येकांस कांहीं दिवस दिसेनासें झालें. पुराणांतील अंधकूप तो हाच, परंतु येथें कोणी पाप केलें होतें?

औषध, असें आम्ही त्यास म्हणतों. भगिनींनो, घरांत लेंकरास खोकला झाला तर देतां तेंहि औषध, आणि पत्र्याच्या मागें खोंचून ठेवलेली ती बाटली तीहि औषध! नांवानेंच आमचा घात केला आहे. कापसावर मारलीं जाणारीं यांपैकीं पुष्कळ विषें एका जातीचीं आहेत. नसांतून सुटलेला हुकूम थांबविणारें एक द्रव्य आपल्या शरीरांत असतें. हीं विषें तेंच निकामी करतात. मग हुकूम सुटतो तो थांबत नाहीं. तोंडास लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतें, छाती कफानें भरते, हातपाय थरथरतात, बाहुली टांचणीच्या डोक्याएवढी होते आणि नजर जाते. हें केवळ नाकातोंडानें आंत जातें असें समजूं नका. ओल्या सदऱ्यांतून कातडीवाटे जातें. तोंडास रुमाल बांधला पण पाठीवर गळका पंप आणि मांडीपर्यंत भिजलेलें धोतर, तर तो रुमाल काय कामाचा? या जातीच्या विषावर अट्रोपीन नांवाचा उतारा आहे. म्हणून माणसास दवाखान्यांत नेतांना बाटलीहि बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरास विषाची जात समजेल. कपडे जागच्या जागीं उतरवा आणि साबणानें अंग धुवा. आणि घरच्या बायांनीं ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर एका घमेल्यांत बुडवूं नयेत. बाटलीवर चौकोन असतो, त्यांत रंग असतो. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचतां येत नसलें तरी रंग ओळखतां येतो.

मोनोक्रोटोफॉस नांवाचें एक विष आहे. तें भाजीपाल्यावर मारूं नये असा हुकूम २००५ सालीं निघाला. भाजी शहरांत जाते, लोक ती खातात, तेव्हां हुकूम योग्यच होता. पण कापूस कोणी खात नाहीं, म्हणून कापसावर तें चालूं राहिलें. कापूस कोणी खात नसलें तरी कापसांतून कोणी चालत असतें, हें हुकूम लिहितांना कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

माणसें खाटेवर पडलीं आणि प्रश्न सुरू झाले. हातमोजे कां घातले नाहींत? चष्मा कां लावला नाहीं? वाऱ्याच्या तोंडावर कां फवारलें? बाटलीवरचा कागद कां वाचला नाहीं? सगळे प्रश्न खाटेवरच्याला. त्या कागदावरील अक्षर तिळाएवढें असतें, हें कोणी विचारलें नाहीं. असली बाटली विकतांना मोजे कां दिले नाहींत, हें कोणी फारसें विचारलें नाहीं. भादव्याच्या उन्हांत रबरी पोशाख घालून दिवसभर चालून पहा, असेंहि त्या साहेबांस कोणी म्हटलें नाहीं. हें ऐकतांना आम्हांस वारंवार वाटे कीं, हा सूर कुठें तरी पूर्वीं ऐकलेला आहे. पूर्वीं दुःखी माणसाला सांगत, तुझें मागल्या जन्मींचें पाप. आतां सांगतात, तुझा निष्काळजीपणा. पोथी बदलली आहे, बुवा बदलला आहे, परंतु दोष अजून भोगणाऱ्याच्याच माथीं येऊन पडतो.

आतां जें बोलणार तें कडू आहे, आणि तें बोलल्यावर पुढील खेपेस तुम्ही आम्हांस बोलवाल कीं नाहीं याची शंका आहे. तरी बोलतों.

शेटजी-भटजी म्हणून बोट दाखविण्याची आम्हां चळवळीच्या लोकांस जुनी संवय आहे. ती एके काळीं खरी होती. पण आज कृषिकेंद्राच्या गादीवर कोण बसलें आहे? पुष्कळ ठिकाणीं आपलाच भाऊबंद. कोणतें औषध किती झांकणें घालावें हें सांगणारा तोच, आणि जितकीं झांकणें अधिक तितकी त्याची विक्री अधिक. पंप कोणाच्या पाठीवर होता? मेलेल्यांत आपल्या स्वतःच्या वावरांत फवारणारे होते, तसेच दुसऱ्याच्या वावरांत रोजीनें फवारणारे, स्वतःचा गुंठाहि नसलेले मजूर होते. त्यांस वावरांत कोणीं धाडलें? आम्हीं. मालक कुणबी असो, तेली असो, माळी असो, सभेंत टाळ्या वाजविणारा असो, धुऱ्यावर उभें राहून "आज ह्या दोन एकरांचं उरकून टाक" असें म्हणणारा तोच. तो सालदार काय म्हणाला होता? जिथं नाहीं म्हंतां येत नाहीं.

मालक यमदूत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचीहि मान पीककर्जांत अडकलेली असते, अळी रात्रंदिवस खात असते, आणि एक दिवस फवारा चुकला तर वर्ष गेलें या धास्तीनें तो अर्धमेला झालेला असतो. परंतु मोजे घेऊन देणें त्याच्या हातीं होतें. दुपारीं थांब म्हणणें त्याच्या हातीं होतें. मजुराला पहिली ओकारी झाली तेव्हां लिंबूपाणी न देतां गाडी काढणें त्याच्या हातीं होतें. हें आपल्याला करतां आलें असतें आणि आपण केलें नाहीं. ज्या दिवशीं ब्राह्मणेतर घरांत मजुराचा जीव दोन मोज्यांहून स्वस्त ठरला, त्या दिवशीं जोतीरावांचें नांव घेण्याचा आपला अधिकार थोडा कमी झाला, असें आमचें मत आहे. कोणास राग आला असेल तर त्यानें सभा संपल्यावर भेटावें.

मेलेल्याच्या मागें राहणाऱ्यांचाहि एक नरक आहे, तो थोडक्यांत सांगतों. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरास एक लाख रुपये मदत देण्याचा सरकारचा निर्णय २००६ सालचा. निर्णय चांगला. पण तिच्या आधीं वही निघते. सात-बारा कोणाच्या नांवें? कर्ज बँकेचें, सोसायटीचें, कीं परवाना असलेल्या सावकाराचें? वसुलीचा तगादा होता काय? भाऊबंदाकडून हातउसनें घेतलेलें, बिनपरवाना सावकाराकडून दागिना ठेवून आणलेलें, तें त्या वहींत कर्जच नव्हे. दुसऱ्याचें वावर मक्त्यानें करणारा तो शेतकरीच नव्हे. मग घरावर शिक्का बसतो: अपात्र. तालुका सांगत नाहीं, एका बाईनें आम्हांस तो कागद दाखवून विचारलें, "भाऊ, अपात्र म्हंजे कोन? थे कां मी?" चित्रगुप्ताच्या वहींत पाप आणि पुण्य असे दोनच रकाने आहेत म्हणतात. ही वही त्याच्याहि पुढें गेली आहे.

परंतु एक गोष्ट अशी घडली कीं ती तुम्हांस सांगितल्यावांचून आम्हांस खालीं बसवत नाहीं. २०१७ च्या त्या विषबाधेंतून वांचलेला एक माणूस आणि मेलेल्यांच्या दोन विधवा यांनीं, कांहीं संस्थांच्या मदतीनें, स्वित्झर्लंड देशांतील बाझल शहराच्या न्यायालयांत औषधकंपनीविरुद्ध दाद मागितली. त्या कंपनीचें घर त्या शहरांत, आणि तिचें जें औषध आमच्या पऱ्हाटीवर मारलें जात होतें तें तिच्या स्वतःच्या देशांत वापरांतून गेलेलें. कंपनी म्हणते, दोष आमच्या मालाचा नाहीं. तें ठरविणें न्यायालयाचें काम. आम्हांस अप्रूप वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. ज्या बायांस येथें अपात्र, अडाणी, निष्काळजी म्हणून बाजूस सारलें, त्यांनीं समुद्रापलीकडच्या दारावर जाऊन विचारलें, तुमचा हिशेब काय? वैतरणी उतरावयास त्यांनीं कोणाच्या गाईचें शेपूट धरलें नाहीं.

त्यांस पुरावा गोळा करतांना काय जड गेलें असेल तर हेंच कीं, मेलेल्या माणसानें त्या दिवशीं कोणती बाटली फोडली होती हें कोठेंच लिहिलेलें नसतें. बाटली धुऱ्यावर फेंकलेली, पावती घेतलेलीच नाहीं, आणि दुकानदार विसरलेला.

म्हणून एक काम आजच सुरू करूं. बाहेर ओट्यावर एक दोनशें पानी वही ठेविली आहे. फवारणीच्या दिवसांत प्रत्येक गांवानें अशी एक वही करावी. कोणीं फवारलें, कोणाच्या वावरांत, कोणतें औषध, किती झांकणें, कोणत्या दुकानाचें, किती वाजतां सुरू केलें आणि किती वाजतां सोडलें. दुकानांतून पावती मागून घ्यावी, रिकामी बाटली आठ दिवस जपून ठेवावी, लेंकरांच्या हातीं लागणार नाहीं अशी. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें शाळेंतल्या मुलामुलींनीं लिहून घ्यावें. मोज्यांसाठीं वर्गणी काढावयाची असेल तर आमचे पहिले शंभर रुपये धरा. तेरवीच्या खर्चांतून कोणास कांहीं वांचवितां आलें तर तेंहि त्यांत घालावें.

वहीच्या पहिल्या पानावर त्या म्हातारीच्या मुलाचें नांव तिच्या परवानगीनें लिहिलें आहे. वावर कोणाचें तें ठाऊक आहे, तारीखहि आहे. औषधाचा रकाना रिकामा आहे. त्या दिवशीं त्याच्या बरोबर कामास असलेले कोणी येथें असतील तर त्यांनीं जातांना तो भरून जावा.